लुगडं अजून माझ्याकडेच आहे

सुमनबाई गेल्याची बातमी आमच्या जुन्या नाट्यमंडळाच्या मोबाईलवरच्या गटात आली. खाली फुलं, जोडलेले हात, आणि त्यात एकाने लिहिलेलं... ‘गुणी बाई. ऐनवेळी घाबरून पळाल्या नसत्या तर मोठ्या नटी झाल्या असत्या.’ त्यावर अंगठे उमटत राहिले. मी वाचलं आणि फोन उशीखाली सरकवला. काही आठवडे तसेच गेले. पण ते वाक्य खोटं आहे, आणि गावात ते मीच सोडलेलं आहे.

मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावात दरवर्षी यात्रेला नाटक व्हायचं. मी शाळेत शिक्षक आणि मंडळाचा दिग्दर्शक. पुरुषांची कामं गावातली पोरं करायची, नटी अकोल्याहून ठरवून यायची. ती येणार प्रयोगाच्या दिवशी, म्हणून तालमीत तिच्या जागी कुणीतरी उभं राहावं लागे. त्या वर्षी निवडीसाठी शाळेच्या वर्गात वाचन ठेवलं, तर अंगणवाडीच्या सुमनबाई स्वतःहून आल्या. आईच्या भूमिकेतलं एक पान त्यांनी वाचलं, आवाज जराही न चढवता. वर्गात कुणी हललं नाही. तरी मी म्हणालो, “बाई, तालमीपुरत्या उभ्या राहाल का? प्रयोगाला लोकांना बाहेरचीच नटी लागते.”

“राहीन ना सर. उभं राहाले तं भेटन,” त्या म्हणाल्या.

शेवटच्या अंकात मुलगा आईच्या पाया पडतो. मुलाचं काम मंडप देणाऱ्या शेठजींच्या पोराकडे होतं. तो वाकला की बाई संकोचून पाय मागे घ्यायच्या. मी ओरडायचो, “तुम्ही माय आहात त्याची, पाय जागेवर ठेवा.” एकदा तो पोरगा म्हणाला, “बाई, इतक्या वेळा तं मी माह्या सख्ख्या मायच्या पाया नाही पडलो.” सगळे हसले, बाईही हसल्या. त्यानंतर त्यांचे पाय जागेवर राहू लागले.

प्रयोगाच्या दिवशी नटीचा निरोप आला, ताप आहे, येत नाही. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या घरी जाऊन आपल्या आईचं जांभळं लुगडं घेऊन आल्या, नेसून तयार झाल्या. केसांना पांढरी पावडर लागली, कपाळावर सुरकुत्या काढल्या गेल्या. तेवढ्यात शेठजी आत आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, बंद खोलीत झालं ते झालं. बाई बौद्धाची. गावासमोर माहा पोरगा तिच्या पाया पडन? मंडप सोडाले सांगू काय?”

मंडप सोडू द्यायला हवा होता. शाळेच्या ओट्यावर प्रयोग झाला असता. हे मला आज सुचतंय असं नाही, तेव्हाही सुचलं होतं.

मी बाईंना घरी जायला सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. शेठजी तिथेच उभे होते. “अन् लुगडं?” एवढंच म्हणाल्या. मी म्हणालो, “ते राहू द्या.” आपली साडी नेसून, डोक्यात तशीच पावडर घेऊन, नाटकाला येणाऱ्या गर्दीतून त्या उलट्या दिशेने चालत गेल्या. सगळ्या गावाने पाहिलं. काय झालं म्हणून लोकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, “घाबरल्या बिचाऱ्या.” मग मिशी उतरवली, त्यांचं लुगडं नेसलो आणि आईचं काम मीच केलं. शेठजींचा पोरगा माझ्या पाया पडला. टाळ्या पडल्या. सरांनी नाटक वाचवलं, असं गावात अजून सांगतात.

बाई पुढेही दरवर्षी नाटकाला यायच्या, बायकांच्या बाजूला अगदी पुढे बसायच्या. कुणी डिवचलं, “काऊन वं, पळाली काऊन होती?” की त्यांचं उत्तर ठरलेलं, “मले काय इचारता, सरले इचारा.” लोक विचारायचे. मी हसायचो. शेवटची भेट बाजारात झाली. केस पांढरेशुभ्र झाले होते. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, “सर, आता पावडर लावाचंही काम नाही. आता तं चालन ना?” मी भाजीवाल्याला मेथीचा भाव विचारू लागलो...

मंडळ बंद पडलं तेव्हा सामानाची पेटी माझ्या घरी आली. लुगडं तिच्यातच होतं. परवा ते धुऊन, घडी करून बाईंच्या मुलीकडे घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं.

“मले काऊन सांगून राह्यले, सर? मले माहीत आहे. आईनंच सांगतलं होतं. शाळेत पोरं मले पळपुटीची पोरगी म्हणत. तुमच्याच वर्गात म्हणत.”

मी लुगडं पुढे केलं. तिने हात लावला नाही. “घेऊन जा. गावाले सांगा, छापून आणा. मंग पाहू.”

समोर खुर्चीवर ते घडी केलेलं ठेवून मी हे लिहितो आहे. छापून आलं की अंक आणि लुगडं घेऊन जाईन. ती ते घेईल की नाही, मला माहीत नाही.