वृषालीच्या डायरीतलं भरीत

वृषाली पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आली तेव्हा मी तिला पक्षकार समजलो आणि बाकावर बसायला सांगितलं. तासभर ती बसून राहिली. तेवढ्या वेळात मी दोन जामीनअर्ज तपासले, एकाशी फोनवर भांडलो, चहा प्यालो आणि मग विचारलं, "बोला ताई, काय भानगड आहे?"

तिने पिशवीतून कॉलेजचं पत्र काढलं. धुळ्याच्या एका लॉ कॉलेजची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, सहा आठवडे वकिलांकडे राहून प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेणार, सहकार्य करावे, वगैरे. पत्रात त्याला 'एक्सटर्नशिप' म्हटलं होतं. आमच्या वेळी याला वकिलाची बॅग उचलणं म्हणायचे आणि त्याला मार्क नव्हते.

"मग इतका वेळ गप्प का बसलीस?"

"तुम्ही काम कसं करता ते बघत होते, सर," ती म्हणाली आणि मांडीवरच्या डायरीत काहीतरी लिहिलं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

माझं नाव लीलाधर. जळगावला सव्वीस वर्षं वकिली करतो, पक्षकार मला नाना म्हणतात. माझ्या हाताखालून डझनभर पोरं गेली. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना खुनाचा खटला बघायचा असतो, दुसऱ्या आठवड्यात ती कँटीनमध्ये सापडतात. वृषाली त्यातली नव्हती. वडील धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपात, आई शिवणकाम करणारी. घराण्यात कोर्टाची पायरी कोणी चढलेलं नव्हतं, ना वकील म्हणून ना आरोपी म्हणून. जळगावात ती मेहरूणला द्रौपदा मावशीकडे उतरली होती. रोज साडेनऊला मावशीचा डबा आणि ती डायरी घेऊन दारात हजर.

डायरी कॉलेजने दिलेली. प्रत्येक पानावर तीन रकाने: आज काय केले, आज काय पाहिले, आज काय शिकले. खाली मार्गदर्शक वकिलाची सही. बाकीची पोरं शेवटच्या दिवशी एका बैठकीत सगळी पानं भरतात आणि संशय नको म्हणून तीन वेगवेगळे पेन वापरतात. ही बाई रोज लिहायची. न्यायाधीश किती वाजता बसले, साक्षीदाराने पाणी कोणत्या प्रश्नाला मागितलं, मी उलटतपासणीत चष्मा किती वेळा पुसला, सगळं. शनिवारी आठवड्याची पानं माझ्यासमोर यायची आणि मी धडाधड सह्या ठोकून मोकळा व्हायचो. वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका, असं मी पक्षकारांना सव्वीस वर्षं सांगत आलोय. तो सल्ला पक्षकारांसाठी असतो.

तिसऱ्या आठवड्यात भिकुबाईंचं प्रकरण ऐरणीवर आलं. भिकुबाई चोपडा तालुक्यातल्या. नवरा गेल्यावर चार एकर केळी एकटीने उभी केलेली बाई. त्यांच्या बागेत जायची गाडवाट शेजारच्या झुलाल आबांच्या वावरातून जाते. आधी तिथून बैलगाड्या गेल्या, मग ट्रॅक्टर गेले, कोणाची काही तक्रार नव्हती. त्या पावसाळ्यात भिकुबाईंच्या पाइपलाइनवरून दोघांचं वाजलं आणि झुलाल आबांनी रागाच्या भरात वाटेवर नांगर फिरवून वांगी लावून टाकली. वर कोर्टात लेखी दिलं की इथे वाट कधी नव्हतीच, इथे आम्ही वर्षानुवर्षं वांगीच घेतो.

इकडे भिकुबाईंची केळी कटाईला आली होती. ट्रक बागेपर्यंत पोहोचला नाही तर घड डोक्यावरून नाल्यातून न्यावे लागणार. तसे नेले की केळं घासतं, सालीवर काळे डाग पडतात आणि व्यापारी हात लावत नाही. झाडावर ठेवावं तर पिकून जातं. पंधरा दिवसांत वाट मोकळी झाली नाही तर त्या बाईचं वर्ष पाण्यात. म्हणून आम्ही कोर्टाकडे तातडीचा हुकूम मागितला होता.

कोर्टाने प्रशील नावाच्या तरुण वकिलाला कमिशनर नेमलं. कमिशनरने जागेवर जायचं, दोन्ही बाजूंसमोर पाहणी करायची आणि जे दिसलं ते कोर्टाला लिहून द्यायचं. त्याने कोणाच्या बाजूने बोलायचं नसतं. डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही सगळे त्या वावरात जमलो. वांग्यांच्या अलीकडे गाडीची चाकोरी होती, पलीकडे चाकोरी होती आणि मधे साठ फूट वांगी.

"ती चाकोरी ढोरांची आहे," झुलाल आबांनी प्रशीलला सांगितलं.

"तुना ढोरंसले चाकं शेत का?" भिकुबाईंनी विचारलं. आमच्या अहिराणीत 'शेत' म्हणजे 'आहेत'.

झुलाल आबा बांधावर जाऊन पाठ फिरवून बसले. टेप लावून मोजमाप होईपर्यंत दीड वाजला. आता खानदेशात हिवाळ्यात वावरात आलेला पाहुणा भरीत न खाता परत जात नाही. तो वादीचा, प्रतिवादीचा की सरकारचा, हे बघायची पद्धत नाही. भिकुबाईंनी बाजारातून वांगी आणून ठेवली होती आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायला घेतल्या होत्या. प्रशील जरा घुटमळला.

"भाऊ, वावरमाईन उपाशी कोनी जास का?" भिकुबाई म्हणाल्या. तिथे त्याचं कायद्याचं शिक्षण संपलं. खरं तर कमिशनरने कोणाकडेच जेवायचं नसतं, हे त्याला मी सांगायला हवं होतं. पण जाळाचा वास आला होता आणि मला मधुमेह असला तरी भरिताला डॉक्टरची मनाई नाही.

झुलाल आबांनी मान वळवून पाहिलं. बाजारची पिशवी बघून ते तरातरा उठून आले. "वैनी, बजारना वांगा आनात? आमना शिवारनं नाव घालवशी. मना वावरना ल्या." आणि त्यांनी वाटेवरच्या त्या भांडणाच्या वांग्यांतली टोपलीभर वांगी स्वतः तोडली, स्वतः भाजली, स्वतः सोलली आणि लाकडी बडगीत मिरच्या-लसणाबरोबर ठेचली. भिकुबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टाकल्या. वादी, प्रतिवादी, दोन वकील आणि कमिशनर एकाच ताडपत्रीवर बसलो. मी किती खाल्लं ते विचारू नका.

वृषालीने मात्र चार घास खाल्ले, हात पुसला आणि डायरी उघडली. "जेव की," मी म्हणालो. "हो सर," म्हणाली आणि लिहीत राहिली.

प्रशीलचा अहवाल बरा आला. दोन्हीकडे गाडीची चाकोरी दिसते, मधल्या पट्ट्यात वांगी आहेत, ती कधीपासून ते सांगता येत नाही. एवढ्यावर काम भागलं असतं. पण सुनावणीच्या सकाळी समोरच्या वकिलांनी हरकतीचा अर्ज माझ्या हातात ठेवला. वादी बाईने स्वतःच्या शेतातल्या वांग्यांचं भरीत खाऊ घालून कमिशनरला फितवलं आहे, सबब अहवाल रद्द करावा आणि नवा कमिशनर नेमावा. खाली झुलाल आबांचा अंगठा. स्वतः त्याच ताडपत्रीवर बसून भाकरीवर भाकरी हाणणारे हे वकील. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

नवा कमिशनर म्हणजे नवी तारीख, आणि तोवर एक महिना सहज गेला असता. बाहेर व्हरांड्यात भिकुबाई डोक्यावरचा पदर सावरत उभ्या होत्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, "नाना, व्यापारी परवा येवाव शे. त्याले काय सांगू?" माझी मलाच लाज वाटली. साध्या भरितापायी मी त्या बाईचं पीक पणाला लावलं होतं.

"सर," वृषाली म्हणाली, "त्या दिवशी जेवताना आबा जे बोलले ते तुम्ही वापरणार ना?"

"काय बोलले?"

तिने डायरी उघडली. पानावर तेलाचा डाग होता. 'आज काय पाहिले'च्या रकान्यात आबांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलेलं: "वांगा जरा ल्हान शेत. आठेन गाडा चालनात ना, माटी दबाई जायेल शे. पयलाच वरीस शे. पुढला साल देखा." वांगी लहान आहेत म्हणून त्या माणसाने पाहुण्यांची माफी मागितली होती आणि माफी मागता मागता इथून गाड्या जायच्या हे कबूल करून आख्खी केस माझ्या ताटात वाढली होती. मी तेव्हा दुसऱ्यांदा भरीत घेत होतो. पानाखाली माझी झोकदार सही होती.

"ही डायरी काही पुरावा होत नाही," मी चिडून म्हणालो. चिडलो होतो स्वतःवर, पण सापडली ती.

"माहीत आहे सर," ती शांतपणे म्हणाली. तेवढ्यात आमचा पुकारा झाला.

समोरच्या वकिलांनी अर्ज वाचून दाखवला. 'वादीच्या शेतातल्या वांग्यांचं' हे शब्द आले तेव्हा मागच्या बाकावर झुलाल आबांची मान ताठ झाली. अर्जात काय लिहिलंय ते त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. मी बोलायला उठलो तोच वृषालीने माझ्या फाइलवर चिठ्ठी सरकवली. तिला कोर्टात बोलायचा अधिकार नव्हता, लिहिण्यावर कोणाची बंदी नव्हती. चिठ्ठीत होतं: 'सर, वांगी लहान होती एवढंच म्हणा. आबांकडे बघून म्हणा.'

सव्वीस वर्षं वकिली केलेल्या माणसाने विद्यार्थिनीच्या चिठ्ठीवर चालावं का, असा विचार करायला वेळ असता तर मी नक्की केला असता.

"साहेब," मी म्हणालो, "भरीत आम्ही सगळ्यांनी खाल्लं, माझ्या विद्वान मित्रांनीही खाल्लं. पण वांगी इतकी लहान होती, की त्यावर कोणी फितेल असं मला वाटत नाही." आणि मी मागे वळून आबांकडे पाहिलं.

झुलाल आबा उभे राहिले. त्यांच्या वकिलांनी हाताने खाली बसायची खूण केली, ती त्यांना दिसली नाही.

"साहेब, वांगा तिना नही. मना शेत," ते म्हणाले. मग कोर्टात आहोत हे आठवून त्यांनी शुद्ध बोलायचा प्रयत्न केला. "माझे वांगे आहेत, साहेब. पंचक्रोशीत विचारा. ते लहान राहिले ते माझ्यामुळे नही. ती वाटेची माती शे. चाळीस वर्षं बैलगाड्या गेल्या तिथून, ती दगडासारखी झालेली. पहिल्याच साली तिथं एवढं वांगं काढणं सोपं नही. दुसऱ्या कोणी काढून दाखवावं."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "आबा, कोणती वाट?"

"हीच ना, भिकुवैनींची."

"हे लिहून घेऊ?"

"घ्या की. आणि वांगे माझे होते, हे बी लिहा."

समोरच्या वकिलांनी फाइल बंद केली. ती बंद केल्याचा आवाज मला आजही आठवतो आणि आठवला की बरं वाटतं.

आबांचं म्हणणं लिहून झालं. काय बोलून बसलो हे त्यांना अंगठ्याला शाई लावताना उमगलं. ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मग भिकुबाई त्यांच्याजवळ गेल्या. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण दुपारी दोघांनी मिळून तडजोड लिहून दिली: दहा फूट वाट कायमची मोकळी, पाइपलाइन आबांच्या वावरातून जाणार आणि पट्ट्यातली उभी वांगी आधी आबा काढून घेणार. तिसऱ्या दिवशी ट्रक बागेत गेला. आबांनी स्वतः पुढे चालत ड्रायव्हरला वळण दाखवलं, असं भिकुबाईंनी फोनवर सांगितलं आणि सांगताना त्या रडल्या.

सहा आठवडे संपले तेव्हा वृषालीने डायरी शेवटच्या शेऱ्यासाठी माझ्यासमोर ठेवली. त्या दिवशी मी ती पहिल्या पानापासून वाचली. भरिताच्या दिवशीच्या पानावर 'आज काय शिकले' या रकान्यात एकच ओळ होती: 'सर जेवताना काही ऐकत नाहीत, म्हणून मी ऐकते.' मी दोनदा वाचली. राग आला, मग हसू आलं, आणि मग खरोखर भरून आलं. शेऱ्यात मी लिहिलं, 'विद्यार्थिनीकडून मार्गदर्शकाला पुष्कळ शिकायला मिळाले.' कॉलेजला ते विनयाने लिहिल्यासारखं वाटलं असणार.

आता ती सनद घेऊन धुळ्याच्या कोर्टात उभी राहते. डायरी अजून लिहिते, फक्त सहीला कोणी नसतं. गेल्या हिवाळ्यात झुलाल आबा जळगावला माझ्या ऑफिसात आले. खांद्यावर पोतं. त्यातून त्यांनी एक वांगं काढून टेबलावर ठेवलं; माझा पेपरवेट त्याच्यामागे दिसेना.

"ती लिखनारी पोर कोठे शे?" त्यांनी विचारलं. "तिले दाखाडा. म्हना, आते लिख."

मी त्या वांग्याचा फोटो धुळ्याला पाठवला. संध्याकाळी तिने डायरीच्या पानाचा फोटो उलट पाठवला. 'आज काय पाहिले: झुलाल आबांचं वांगं. मोठं आहे. सर, सही करा.' मी ते पान छापून घेतलं, चष्मा पुसला, शब्दन् शब्द वाचला आणि मग सही केली.