पेन्सिल उभी धर

दादा गेल्याची तार घरी कुंभिवलीला आली, आणि ती खिशात घालून त्याचा मुलगा मिलिंद कर्जतला माझ्या शाळेत आला. मी पाचवीच्या वर्गात भागाकार शिकवत होते. तो दारात नुसता उभा राहिला, आणि मी वेड्यासारखी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. पायांत दादानं मागच्या खेपेला आणलेले तपकिरी बूट होते. कुणी आलं की आधी पाय बघायचे, ही खोड आमच्या घराला दादानंच लावली... बहरीनला झोपेतच गेला तो. सकाळी कामावर निघायच्या वेळी उठला नाही म्हणून खोलीतल्या सोबत्यांनी हलवून पाहिलं. त्यांनीच त्याला तिथं शेवटचा निरोप दिला. इकडे आम्ही पुण्यानुमोदन केलं, गाव जेवलं, चार लोक चांगलं बोलले. पण माणूस डोळ्यांनी पाहिला नाही की तो गेला हे मनाला पटतच नाही. सकाळी जाग येताना अजून वाटतं, तो तिकडे समुद्रापलीकडेच आहे आणि पुढच्या वर्षी कायमचा येणार आहे. 'पुढच्या वर्षी कायमचा' हे तो वीसेक वर्षं म्हणत होता, आणि आम्हीही दर वर्षी ते खरं मानत होतो.

दादा पत्र्याच्या कामातला. कर्जतच्या एका कारखान्यात शिकला आणि मिलिंद रांगायला लागला त्या सुमारास, साठ-बासष्टच्या पुढे कधीतरी, बहरीनला गेला. पत्रा कापण्याआधी त्यावर खुणा करायच्या, हे त्याचं काम. घरी रजेवर आला तरी हात स्वस्थ नसायचे. अंगणात बसून जुन्या पत्र्याच्या पेट्या करायचा. एकदा मी शेजारी बसले होते, तर जाड कागदाचा फर्मा हातात धरून म्हणाला, "ही उजवी बाजू. डावीला निराळा फर्मा लागत नाय गं शके. हाच उलटा पाडायचा, झालं काम." मला त्या वेळी फार गंमत वाटली. ही एवढीशी गोष्ट मी नको तिथं वापरीन, हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

त्याचं प्रत्येक पत्र 'सप्रेम जयभीम'नं सुरू व्हायचं आणि 'पायांचे कागद पाठवा'नं संपायचं. तिकडून मुलांना बूट आणायचे तर माप हवं. म्हणून वहीच्या कागदावर पोराला उभं करायचं आणि पायाभोवती पेन्सिल फिरवायची. हे काम माझं, कारण घरात लिहिणारी मीच. पहिल्या वेळी पेन्सिल तिरकी धरली, तर मिलिंदला असे बूट आले की पुढे चिंध्या कोंबून त्यानं ते दोन वर्षं वापरले. बय, म्हणजे आमची आई, म्हणाली, "बापानं पाण्यात सोडायला नावच पाठवलीन." तेव्हापासून पत्रात एक ओळ वाढली: 'शकूस सांगणे, पेन्सिल उभी धर.' मला वाटतं, दादानं आपल्या मुलांना वाढताना डोळ्यांनी पाहिलंच नाही. कागदावर पाहिलं. अंगठा जरासा पुढे आला, टाच रुंद झाली... तिकडच्या उन्हात, खाटेवर बसून तो हे कागद कसे न्याहाळत असेल, हे चित्र मी इतक्या वेळा मनात पाहिलंय की मी ती खोली पाहून आलेय असंच मला वाटतं. खिडकीला निळा पडदा आहे. पडदा खरंच होता की नाही, कुणास ठाऊक.

धाकटी सुजाता तीन वर्षांची असताना तापानं पडली. ताप उतरला, पण डावा पाय लुळा पडला तो पडलाच. खोपोलीचे डॉक्टर म्हणाले, पोलिओ. त्या वर्षी तो पाय आमच्या डोळ्यांदेखत बारीक होत गेला. इकडे दादाची पत्रं येत होती, कागद मागत होती. वहिनी चुलीपुढे बसून नुसती रडायची. शेवटी बय मला म्हणाली, "त्याला कळवू नको गं. हातातलं सगळं टाकून येल तो. पोरगी बरी झाली मंग सांगू." बरी होणार नव्हती, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. मी सुजाताच्या उजव्या पायाचा कागद काढला. तो कात्रीनं कापला, उलटा केला आणि दुसऱ्या कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली. उभी धरून. एकावर 'उजवा' लिहिलं, दुसऱ्यावर 'डावा', आणि पाकीट टाकलं. शाळेत मुलांच्या नक्कल केलेल्या वह्या पकडून मी छड्या मारायचे, आणि घरी हे धंदे.

मग भाताची झोडणी चालू असताना, न कळवता, दादा आला. नाक्यावर टेंपोतून उतरला तेव्हा मी खळ्यावर होते. हातात एकच पिशवी. तिच्यात साबण होते, वहिनीला पातळ होतं, पण पहिल्यांदाच बूट नव्हते. मला ते खटकलं, आणि विचारायचं धाडस झालं नाही. तो पेंढ्यावर बसलेल्या सुजाताजवळ गेला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ हातानं चोळत बसला. कुणाला काही विचारलं नाही. बयच सांगायला लागली तर म्हणाला, "असू दे बय. पाणी दे." संध्याकाळी त्यानं कागद मागितला. पोरीला भिंतीला धरून उभं केलं आणि दोन्ही पायांच्या आकृत्या स्वतः काढल्या. माझ्याकडे बघितलं नाही. रागावला असता, एक थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं, आणि पुढेही कितीदा वाटलं.

त्या रजेत एक दिवस तो सुजाताला खांद्यावर घेऊन कोंडाण्याच्या लेण्यांत गेला. मी भाकरी बांधून सोबत होते. वर हवा गार होती, आणि आत ओलसर, मावळत्या दिवसासारखा उजेड-अंधार. बोललेलं सगळं डोंगराच्या पोटात जाऊन हळूच परत यायचं. चैत्यातले कितीतरी खांब खालून झिजून गेलेत, वरचा भाग तेवढा लोंबतोय. दादा ते बघत राहिला. मग पोरीला खाली उतरवून म्हणाला, "बघ गं सुजे, यांना पायच नाय. तरी छप्पर पडलं का?" तिनं मान हलवली. भिंत धरत धरत ती चार पावलं टाकत गेली, आणि दादा तिच्यामागे दोन्ही हात पसरून, तिला न शिवता चालत होता. त्या दिवसाची मला इतकी शांतता आठवते की कधी शंका येते, आम्ही खरंच गेलो होतो का... पण सुजातालाही ते आठवतं, म्हणजे गेलोच असणार.

तो परत गेला. तिकडच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून त्यानं कागदाबरहुकूम जोड करवून घेतला. डावा बूट आखूड, तळ जाड. तेव्हापासून दर वर्षी असा जोड यायचा, आणि सुजाता तो घालून खालापूरच्या शाळेत चालत गेली. आज ती बालवाडीत शिकवते. दादाला कायमचं परत का येता आलं नाही, याला बरीच कारणं होती. त्यातलं एक त्या बुटांच्या तळाशी होतं, असं मला वाटतं. पण माझा प्रश्न वेगळाच होता. त्या वेळी तो कशासाठी आला? सहज रजा मिळाली म्हणून, की माझं खोटं कळलं म्हणून? खोटं बोलणाऱ्या बहिणीला त्यानं माफ केलं, की बहीण खोटं बोलली हे त्याला कधी समजलंच नाही? सतरा वर्षं मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी कायमचा आला की निवांत विचारू, असं म्हणत राहिले.

गेल्या आठवड्यात त्याची पेटी आली. पत्र्याची, त्यानंच केलेली. वहिनीनं उघडायला मला बोलावून घेतलं. कपड्यांखाली एका फडक्यात पायांचे सगळे कागद होते, वर्षांच्या क्रमानं लावलेले. मिलिंदच्या त्या नावेचा कागदही होता. प्रत्येकावर निळ्या पेन्सिलीनं पत्र पोचल्याची तारीख. मी तो कागद शोधला. सापडला. मी लिहिलेल्या 'डावा' या शब्दावर त्यानं एक बारीक रेघ मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'उजवा'. बाकी एक अक्षर नाही. खाली तारीख होती. त्या तारखेपासून तो खळ्यावर येऊन उभा राहिला त्या दिवसापर्यंत मोजले. अकरा दिवस.

मी तिथंच बसून रडले. वहिनीला वाटलं, मी दादासाठी रडतेय. तेही खरंच होतं. मग तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यानला सगळं कळायचं, बाई. बोलायचे नायत, एवढंच."

पेटीच्या तळाशी दादाचे स्वतःचे कामावरचे बूट होते. सुजातानं ते उचलले, फडक्यानं पुसले आणि जमिनीवर दोन कागद अंथरले. मला म्हणाली, "आत्या, कागद धर." एकेक बूट ठेवून ती पेन्सिल फिरवू लागली, उभी धरून, सावकाश. उजवा झाला. मग डावा, वेगळा. तेव्हा कुठं दिसलं की डाव्या बुटाची टाच एका बाजूनं पार झिजली होती. म्हणजे तोही थोडा कलून चालत असणार. आम्हाला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत त्याच्या पायांचा कागद आमच्यापैकी कुणी कधी मागितलाच नव्हता.