रडका चेहरा बनवणारे साहेब

मी सांगलीकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहे. कंपनीत मोबाईलचे गेम बनतात, आणि त्यातल्याच एकाचा मला नाद लागला. त्यापायी दोनदा मोठ्या साहेबांच्या गाडीला गेट उघडायला उशीर झाला. सुपरवायझर म्हणाला, तिसऱ्यांदा झालं तर गावाकडची गाडी पकडायची.

तिथले एक साहेब रोज जेवायला जाताना स्वतःचा फोन माझ्या केबिनमध्ये ठेवत. ‘मी मांगितला तरी देऊ नोको गा,’ म्हणत, आणि काही चिकटल्यासारखा हात पँटला पुसत. नाव मी कधी विचारलं नाही. एकदा धीर करून म्हटलं, ‘साहेब, तुमचा गेम सुटत नाही हो.’

‘सुटला तर मले कोण ठेवीन? तुहं बोट थांबू नये, याचाच पगार भेटते मले.’

हसले, पण माझा फोन घेऊन गेम उडवायला लागले. लगेच पडद्यावर रडका चेहरा आला: ‘आम्हाला सोडून चाललात?’

‘हा चेहरा माह्याच हातचा,’ ते कौतुकानं म्हणाले, आणि त्यांचंच बोट ‘हो’च्या बटणावर अडलं.

‘दाबा ना साहेब, माझी नोकरी जाईल!’

दाबलं बिचाऱ्यांनी. देव त्यांचं भलं करो. त्यांच्या गेमचं मात्र न करो.