झाकण बसेपर्यंत मटण बंद

पलूस तालुक्यात माझ्या थोरल्या मामांइतका हट्टी माणूस दुसरा नाही. असलाच, तर तो अजून मामांच्या दृष्टीस पडलेला नसणार. पडला असता तर त्याला हट्टात हरवल्याशिवाय त्यांनी घरी जाऊ दिलं नसतं. फौजेतून सुभेदार होऊन ते परत आले, पण घराला अजून छावणीच समजतात. पायताणं रांगेत, बादल्या रांगेत. परसातल्या कोंबड्या रांगेत का चालत नाहीत याचाही त्यांना राग येतो. एकदा त्यांनी बंद पंखा दुरुस्त करायला घेतला, तेव्हा लग्नाला निघालेलं सगळं घर नटूनथटून ओट्यावर बसून राहिलं आणि तिकडे अक्षता पडून गेल्यावर पंखा फिरला. "फिरला का न्हाई?" एवढंच मामा म्हणाले.

अशा माणसाच्या फाटकाबाहेरच्या कचऱ्याच्या पिंपाचं झाकण उसाच्या ट्रॉलीखाली सापडून फुटलं. त्यात रविवार. रविवारी मामांकडे मटण असतं, आणि शेजारच्या अण्णांकडे बटाटासुद्धा नसतो, कारण अण्णा पक्के जैन. तरी दोस्ती अशी की अण्णांचा संध्याकाळचा चहा, दिवस मावळायच्या आत, मामांच्या ओट्यावरच व्हायचा. सोमवारी सकाळी कुत्र्यानं उघड्या पिंपातली मटणाची नळी उचलली आणि अण्णांच्या दारातल्या रांगोळीवर नेऊन ठेवली. अण्णांनी मुकाट दार धुऊन नवी रांगोळी काढली. संध्याकाळी चहाला मात्र आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत.

मामांना एकट्यानं चहा गोड लागेना. "झाकण बसंस्तवर ह्या घरात मटान शिजायचं न्हाई," त्यांनी फर्मान काढलं.

"आवं, झाकणासकट नवं पिंप आणा की!" मामी म्हणाली.

"पिंपाला काय धाड भरलीया? झाकण गेलंय, झाकणच बसंल."

आधी मामीची परात पिंपावर गेली. ती कुत्र्यानं पाडली आणि मामीनं रडत घासली. मग फळी आणि वर दगड आला. कुत्र्यानं फळीही सरकवली. शेवटी मामा वेल्डिंगवाल्याकडे गेले आणि ट्रॉलीच्या फाळक्याला, म्हणजे मागच्या दाराला, लावतात तो जाड पत्रा निवडला.

"सुभेदार, कचऱ्याला एवढा पत्रा?"

"कुत्र्याचं सोड, शिराळ्याच्या बिबट्याला पन उघडता येऊ नये."

झाकण बसलं. मामा स्वतः अण्णांच्या दारात गेले. "अण्णा, बंदोबस्त केलाय. बघून घ्या."

अण्णांनी दोन्ही हातांनी जोर लावला. झाकण हललं नाही. "आवं सुभेदार, ह्ये उघडायचं कुणी?" मामांनी छाती काढून ओढलं, ते वीतभर उठलं आणि मामा लालबुंद झाले. तेव्हा अण्णांनी दुसरी कड धरली आणि पिंप उघडलं.

"चहाला का येत नव्हता?" मामांनी विचारलं.

"तुमी शरमिंदं झाला असाल. म्हनलं, चार दिस तोंड दाखवू नये."

 मामा घरात जाऊन चहा टाकायला ओरडले, एवढंच.

तेव्हापासून रोज सकाळी दोघं म्हातारे दोन्ही कडा धरून ते झाकण उचलतात. मी गावी गेलो की मामी मला बाजूला घेऊन हलकं झाकण आणायला सांगते. मी आणत नाही, कारण ते उचलायला दुसरा लागणार नाही. दोघंही आता थकलेत. एका सकाळी त्यातला एकच जण फाटकाशी उभा असेल; हलकं झाकण मी त्या दिवशी आणीन.