रॅम्पवर पडलेला कप

पोलादपूरच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या पाठी मापल्या. महाडच्या एका महिला मंडळानं साडी नेसून रॅम्पवर चालायची स्पर्धा ठेवली, तेव्हा पहिल्यांदा स्वतःसाठी पाठ पूर्ण उघडी राहील असा ब्लाउज शिवला. मागे फक्त एक नाडी. आत काही घालायची सोयच नव्हती, म्हणून मुंबईच्या नणंदेनं सिलिकॉनचे चिकटणारे कप आणून दिले. ना पट्टा, ना हूक. नुसते दाबून बसवायचे.

हॉलमध्ये भयंकर उकडत होतं. रॅम्पच्या निम्म्यावर आले आणि घामानं डावा कप सुटला. ब्लाउजखालून घसरून सगळ्यांसमोर पायाशी पडला. मागच्या रांगेतून हशा उठला. माझे कान तापले. मी वाकले, कप उचलला, न लपवता हातात धरला आणि टोकापर्यंत चालत गेले. तिथं वळून पाठ दाखवली नि परत आले.

दुसऱ्या दिवशी बातमी आमच्या कापडे गावात, घरी पोचली. धाकटे दीर म्हणाले, घराची अब्रू गेली. नवऱ्याचं म्हणणं, मंडळाच्या अध्यक्षबाईंना भेटून विषय मिटव. गेले. बाईंनी चहा दिला आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माफीचे दोन शब्द टाकायला सुचवलं.

मी म्हटलं, "गेल्या वर्षी तुमच्या नाटकात राजाची चिकटवलेली मिशी गळाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं माफी मागितली होती?"

बाईंनी कपबशा उचलल्या. संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तोच ब्लाउज मी दुकानाच्या दारात टांगला. दीर म्हणाले, काढा तो. मी म्हटलं, दुकान माझं आहे.

आठवड्यानं सासूबाई बाजाराला आल्या. टांगलेल्या ब्लाउजचं कापड बोटांत धरून बघितलं.

"शिलाई सरळ हाय," त्या म्हणाल्या. "काढू नको गो. कोण काय बोलला तर माझ्याकडं धाड."

पुढच्या वर्षी महाडमध्येच दुसऱ्या मंडळाची स्पर्धा होती. मेडिकलमधून कातडीला चालणारी चिकटपट्टी आणली, दिवसभर घरकाम करून आधी तपासली, आणि पुन्हा उघड्या पाठीनं चालले. पट्टी टिकली. नंबर आला नाही. तो हिरव्या नऊवारीतल्या एका शिक्षिकेला मिळाला. ती खरंच छान चालली होती.