अंगावर शिवलेलं जर्किन

भुतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि त्याचं कारण साधं आहे — आमच्या भागातली निम्मी भुतं मीच तयार केलेली आहेत. कसबा बावड्यात पाणंदीच्या चिंचेवर एक पांढरी बाई बसते असं तुम्ही ऐकलं असेल, तर ती मी बसवलेली आहे. नववीत असताना. आता बावड्यातली म्हातारी माणसं मलाच सांगतात, "तिकडनं जाऊ नको रं, बाई हाय." मीही मान डोलावतो.

त्यामुळं ओळखीचे लोक हे वाचून म्हणणार, "झालं सुरू पायलटचं." म्हणू देत. या वेळी वाढवून सांगायची गरजच नाही... आणि जिथं सवयीनं वाढवलं जाईल, तिथं मीच कबूल करतो.

पायलट हे माझं टोपणनाव. धंदा शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करायचा. आयुष्यात सगळ्यात उंच गेलोय तो जत्रेतल्या पाळण्यात, आणि तिथंही ओरडलोय. पण मला नाद लागला तो विमानदलांच्या जुन्या जर्किनांचा.

त्याचं असं झालं. १९९४-९५ च्या सुमारास कबनूरला दस्तगीरभाईंच्या गोडाऊनची मोटर दुरुस्त करायला गेलो होतो. यंत्रमागाचं तेल पुसायला चिंध्या लागतात, त्या पुरवायचा त्यांचा धंदा. परदेशातल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे त्यांच्याकडं यायचे. सुती असेल ते फाडून चिंधी करायची, बाकीचं एका कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात मला पहिलं जर्किन दिसलं — तपकिरी चामड्याचं, आत मेंढीची लोकर.

"हे घेऊन काय करू मी?" दस्तगीरभाई म्हणाले. "ह्यानं तेल पुसलं जात न्हाई. न्या तुम्ही."

त्या दिवसापासून मी वाया गेलो. दहा वर्षांत चाळीस जर्किनं जमवली. (अकरा. चाळीस हे मी लोकांना सांगतो.) रद्दीच्या दुकानातनं विमानांची जुनी इंग्रजी मासिकं आणून कुठलं जर्किन कुठल्या काळातलं ते शोधायचो, आणि जे सापडायचं नाही ते रचायचो. एकाच्या बाहीला भोक होतं, ते मी बर्लिनवरच्या गोळीचं केलं होतं. कसर लागली होती, दुसरं काही नाही. मे महिन्यात, रस्त्याचं डांबर पाघळत असताना, मी लोकरीची कॉलर वर करून मोटरसायकलवरनं फिरायचो. पोरं सॅल्यूट ठोकायची. आई म्हणायची, "कुठल्या मढ्याच्या अंगावरचं काढून आणतोस रं? इस्त्री तरी करून घाल!"

तर आता ते एक जर्किन, तेही दस्तगीरभाईंच्याच गठ्ठ्यातलं. हिरवं, नायलॉनचं, मनगटाला आणि कमरेला विणलेल्या पट्ट्या, डाव्या बाहीवर पेनाचा छोटा खिसा. छातीवर नावाची पट्टी उसवलेली, टाक्यांची भोकं तेवढी राहिलेली. आतलं अस्तर मात्र भडक नारंगी... डोळ्यात घुसेल असं. हे नारंगी कशाला, ते मासिकात वाचलं होतं: विमान पडलं आणि वैमानिक रानात कुठं उतरला, तर त्यानं जर्किन उलटं करून घालायचं. हिरवं लपायला, नारंगी सापडायला. ही माहिती मात्र खरी.

ते जर्किन मी आण्णांना घातलं होतं. आण्णा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढून रिटायर झालेले. २००० साली त्यांना लकवा झाला. डावा हात खांद्यापासून मेला, डावा पाय ओढत चालायचे, आणि तोंडात दोनच शब्द राहिले — "व्हय" आणि "भोंगा". कारखान्याचा भोंगा झाला की कुठंही असोत, उठायचे आणि ड्युटीवर निघायचे. म्हणून हंगामात कुणीतरी एकानं त्यांच्याजवळ बसायचंच, असा घरातला नियम होता. दुसरी खोड म्हणजे अंगावरचे कपडे काढून टाकायचे. थंडी असो काही असो, चेन खाली ओढायची आणि उजव्या हातानं जर्किन खांद्यावरनं ढकलून द्यायचं.

२००३ चा जानेवारी. संक्रांतीनंतरचे हळदीकुंकवाचे दिवस. त्या सकाळी जर्किनाची चेन खालून तुटली. आण्णांना तर खोकला. आईनं विचारबिचार केला नाही. दाभण घेतला, वाकळंचा, म्हणजे गोधडी शिवायचा, जाड दोरा ओवला आणि जर्किन त्यांच्या अंगावरच शिवायला घेतलं. अंगावरचा कपडा शिवायचा नसतो, म्हणून आण्णांच्या दातात खराट्याची काडी दिली. आण्णा काडी धरून गप बसलेले, विडी ओढल्यासारखे.

माझी बायको बघत होती. ती म्हणाली, "अवो आत्ती, दोरा सदऱ्यातनं बी गेला की! सदऱ्यासकट शिवलासा!"

"जाऊ दे. आता कसं काढतोय बघू," आई म्हणाली. "संध्याकाळी उसवू."

सात टाके झाले आणि काळा दोरा संपला. घरात दुसरं जाड रीळ नव्हतं. आईनं तिच्या स्वतःच्या वाकळेचा लाल दोरा वीतभर उसवून घेतला आणि खालचे तीन टाके लाल घातले. सात काळे, तीन लाल. हे लक्षात ठेवा.

दुपारी तीनला सासू-सून हळदीकुंकवाला गेल्या. पाळी माझी. आण्णा कॉटवर झोपलेले... आणि फोन वाजला. दस्तगीरभाई.

"पायलटसाहेब, गठ्ठा फोडलाय. चामड्याचं हाय, लोकरीच्या कॉलरचं. आतल्या बाजूला नकाशा शिवलाय, नकाशा! इचलकरंजीचा एक पावणा चारला येतोय बघायला. तुम्हाला पयला फोन केला."

"ठेवा. आलो," मी म्हणालो.

म्हटलं आण्णा पाचपर्यंत उठत नाहीत. पुढच्या दाराला बाहेरनं कडी घातली आणि मोटरसायकलला किक मारली. मागचं दार... मागच्या दाराचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. कबनूरला जाईपर्यंत नाही, आणि तिथनं परत येईपर्यंत नाही.

साडेपाचला आलो. नवं जर्किन कॅरिअरला बांधलेलं. कडी काढली. कॉट रिकामी, मागचं दार सताड उघडं. शेजारीण कपडे काढत होती, ती म्हणाली, "भोंगा झाला तवा दार वाजलं बघा तुमचं. मला वाटलं तुम्ही हाय घरात."

भोंगा चारला होतो. दीड तास झाला होता.

आमच्या घरामागं एक रिकामा प्लॉट आणि त्याच्या पलीकडं शिवाजीतात्यांचा ऊस. कारखान्याकडं जायची जुनी वाट तिथनंच जाते. त्यातला अर्धा ऊस आठवड्यापूर्वी तुटला होता. तोड झालेल्या फडात उसाच्या पाल्याचं गुडघाभर पाचट पडलेलं असतं, ते वाळलं की आमच्याकडं पेटवून देतात. मी प्लॉट ओलांडला आणि समोर धूर.

पळालो... आयुष्यात पहिल्यांदा जर्किनाशिवाय विमान झालो असेन. बांधावर शिवाजीतात्या उभे, धोतर काळं झालेलं, हातात ओली गोणपाटं. त्यांच्या पायाशी आण्णा बसलेले. अंगात भडक नारंगी जर्किन.

"आरं पायलट! कुठं मेलतास?" तात्या ओरडले. त्यांना धाप लागली होती. "त्या टोकाला काडी लावली आणि हिकडं बघतोय तर पाचटात कायतरी नारंगी. मला वाटलं कुणाचं ताडपत्रीचं पोतं उडून आलंय. म्हटलं चांगलं हाय, जळंल, उचलावं. गेलो, तर पोत्याला पाय! सरीत पडल्यालं आण्णा. उठायला येईना, आवाज निघंना. ओढून काढलं आणि मग इझवत बसलो."

मी आण्णांना चाचपून बघत होतो. हात, पाय, डोकं. गुडघ्याला खरचटलं होतं. बाकी काही नाही.

"हिरवं असतं तर मला दिसलं असतं व्हय?" तात्या म्हणाले. "आज तुझा बा माझ्या हातनं गेला असता. तू उलटं घालून ठिवलंतास ते बरं केलंस. डोक्याचा हायस गड्या!"

मी म्हणालो, "व्हय."

एवढंच. "व्हय." थापा मारायची सवय असली की तोंड डोक्याच्या पुढं धावतं. सकाळी ते हिरवं होतं. दुपारी मी कडी घातली तेव्हा कॉटवर हिरवं होतं. तरी मी "व्हय" म्हणालो. कारण "न्हाई" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता — मग तू कुठं होतास?

घरी आणलं. तोवर आई आणि बायको आल्या होत्या. बायको रडायला लागली. आई रडली नाही. तिनं पाणी तापवलं, कात्री घेतली आणि जर्किन काढायला आण्णांच्या समोर बसली... आणि तशीच बसून राहिली.

मी वाकून बघितलं. नारंगी बाजू बाहेर. समोर टाके. सात काळे, तीन लाल. एकही उसवलेला नाही. आणि दोरा सदऱ्यातनं गेलेला, सकाळी गेला होता तसाच. सदरा सरळ. बटणं बाहेर, सगळी लावलेली.

"कुणी उलटं केलं?" आईनं विचारलं.

"मीच की," मी म्हणालो. "तुम्ही गेल्यावर. म्हटलं नारंगी दिसतंय चांगलं."

"टाकं?"

"उसवलं आणि परत घातलं."

"लाल दोरा कुठनं आणलास?"

मी उगाच कॉटखाली रीळ शोधायला लागलो.

"माझ्या वाकळंचा व्हता त्यो," आई म्हणाली. "तेवढाच निघाल्ता. आणि हे टाकं माझ्या हातचं हायेत. तुला बटण तरी लावाय येतंय व्हय रं?"

तिनं दारातनं बाहेर बघितलं. मोटरसायकलच्या कॅरिअरवर चामड्याचं जर्किन तसंच बांधलेलं. मग एकेक टाका कात्रीनं कापला, जर्किन काढलं, आण्णांचं अंग पुसलं. मला म्हणाली, "चा ठेवलाय. घे." त्यानंतर तिनं हा विषय माझ्याशी कधीच काढला नाही.

गावात मात्र माझं नाव झालं. पायलटनं आधीच ओळखलं होतं, म्हणून उलटं घालून बसवलं होतं म्हाताऱ्याला! मीही ते नाकारलं नाही. उलट दोन-चार वर्षांत गोष्टीला चांगली फोडणी दिली — मी वैमानिकांचं शास्त्र वाचलेलं, मी धोका हेरलेला, वगैरे. पानपट्टीवर कितीतरी लोकांनी त्यावर मला चहा पाजलाय.

आतून मात्र मी शोधत होतो. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, स्वेटरसारखं डोक्यावरून काढलं असेल आणि तसंच परत घातलं असेल. बरं. पण ज्यांचा डावा हात तीन वर्षांत छातीपर्यंत आला नव्हता, त्यांनी? आणि मग सदराही उलटा व्हायला नको? तो तर जर्किनाला शिवलेला होता. तरी मी करून बघितलं. बायकोकडनं तेच जर्किन सदऱ्यासकट अंगावर शिवून घेतलं, दातात काडी धरून, आणि तासभर झटापट केली. शेवटी डोकं आत अडकलं, हात वर, आणि मी स्वयंपाकघरात भिंतीला धडकतोय... बायकोनं कापून सोडवलं. "आण्णांनी केलं आणि तुम्हाला जमंना!" म्हणाली. मग तिच्याच लक्षात आलं आपण काय बोललो ते.

आण्णांनाही विचारलं. एकदा नव्हे, शंभरदा. "आण्णा, हे उलटं कुणी केलं? कोण आलं होतं तिथं?" ते बाहीकडं बघायचे आणि म्हणायचे, "व्हय."

दस्तगीरभाईंना सगळं खरं सांगितलं, आणि ते हिरवं जर्किन परत घ्या म्हणालो. त्यांनी दोन्ही हात मागं घेतले. "पायलटसाहेब, मी चिंध्या इकणारा माणूस. मला नगा इचारू. पर एक करा, त्याला फाडू नका."

फाडलं नाही. परत घातलंही नाही. आण्णा त्यानंतर तीन वर्षं जगले आणि आपल्या कॉटवर, आईचा हात धरून गेले. कुठल्याही माणसाला मिळावं असं मरण.

हे आज लिहायचं कारण म्हणजे, गेल्या आठवड्यात आमच्याकडं पाहुणे आले होते. गोष्ट निघाली तशी कुणीतरी म्हणालं, पायलटमुळं म्हातारा वाचला. आई कोपऱ्यात शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. पण सोलायची थांबली. मला वाटतं ती वाट बघत होती. मी नेहमीसारखा हसलो आणि ती पुन्हा सोलायला लागली.

म्हणून इथं लिहून टाकतो, मग तिला वाचून दाखवीन. टाके न तोडता ते जर्किन कसं उलटं झालं, कुणी केलं, मला माहीत नाही. अजूनही नाही. भूत म्हणावं तर भुतं कशी तयार करतात ते मला माहीत आहे, आणि हे काही त्यातलं वाटत नाही. मी केलं नाही एवढंच नक्की सांगू शकतो. आण्णा सरीत पडले होते तेव्हा मी कबनूरात होतो, आणि एका मेंढीच्या कॉलरवरनं हात फिरवत होतो.