भाकरीचं पुन्हा पीठ

आमच्या गावात पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या तोंडात सगळे दात दिसले, तर लोक त्याच्याकडे संशयानंच बघायचे. पारनेर तालुक्यातलं खडकाळ गाव, रोजची ज्वारी-बाजरीची भाकरी आणि चाळिशीतच हलायला लागलेले दात. तोंडाचं बोळकं होणं म्हणजे केस पिकण्यासारखं. त्याला कुणी दुखणं म्हणत नसे. बायका तव्यावर तंबाखू जाळून मिश्री करायच्या आणि सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून दात घासायच्या. दात दुखला की आणखी थोडी मिश्री दाबायची, हाच उपाय. मिश्रीनंच दात जातात, हे तेव्हा कळत नव्हतं. पण त्या ओट्यावरच्या गप्पांची अजून आठवण येते, आणि मिश्रीच्या त्या कडवट वासाचीसुद्धा. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, त्या दिवसांत मी लग्न होऊन तिथं आले. घरात सासूबाई आणि मी, दोघीच. नवरा नगरला लष्कराच्या गोदामात कामाला. रविवारी सर्व्हिस मोटारीनं यायचा. तिथं खोली मिळाली की मला घेऊन जाणार होता, आणि मी एकेक दिवस मोजत होते.

मला एकाच गोष्टीचा तोरा होता, माझ्या भाकरीचा. पातळ, टम्म फुगलेली, काठाला कुरकुरीत. माहेरी तिचं केवढं कौतुक व्हायचं! इथं मात्र आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोंडावर पदर धरून म्हणायच्या, "तू खाऊन घे. मी मागनं खाती." मागाहून टोपल्यातली भाकरी संपलेली असायची, पण खाताना त्या मला कधी दिसल्या नाहीत. दारातल्या शेळीला घालत असणार, अशी माझी खात्रीच झाली. मी जात्याच तापट. हट्टाला पेटले आणि भाकरी आणखी पातळ थापायला, निखाऱ्यावर आणखी खरपूस भाजायला लागले. आता कशी नावं ठेवतात, बघू! त्या मात्र दिवसेंदिवस वाळत चालल्या.

एका दुपारी विहिरीचा दोर तुटला म्हणून रिकामी घागर घेऊन परत आले, तर घरात जात्याची घरघर. दळण पहाटे उरकायचं असतं. भर दुपारी कोण जातं ओढतंय? डोकावले. आत्याबाई माझ्या भाकरीचे तुकडे जात्याच्या तोंडात टाकत होत्या. भाकरीचं पुन्हा पीठ करत होत्या. शेजारी ताकाचा तांब्या होता.

"येवढी का वाईट लागती माजी भाकर?" मी ओरडलेच.

त्या दचकल्या आणि पदर सुटला. त्यांचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. वर एक दात, खाली दोन, तेही हलणारे. बाकी सगळ्या सुजलेल्या हिरड्या.

"वाईट न्हाई गं पोरी, लई ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. "पर भिजवली तरी काठ टोचत्यात. मंग असं पीठ करून ताकात कालवती."

"मला सांगायचं न्हाई व्हय? हुलग्याचं माडगं केलं असतं. पातळ, नुसतं प्यायचं."

"तुला सांगितलं की त्याच्या कानावर जानार. आईला खाता येत न्हाई म्हनल्यावर तो तुला हितंच ठिवंल, माज्यापाशी. तुजं नवं लगीन हाय. तू जा नगरला. त्याला सांगू नगंस, माजी आन हाय तुला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्यापासून सुटायला मी दिवस मोजत होते, ती माझ्यासाठी अर्धपोटी राहत होती. संध्याकाळी मी माडगं केलं. त्या ते भिंतीकडे तोंड करून प्यायल्या.

पुढच्याच रविवारी नवरा खोलीची किल्ली घेऊन हजर. "आवर, दुपारच्या मोटारीनं निघू." माझा जीव कधीच नगरला पोचला होता. पण पाय निघेना, आणि आणही मोडायची नव्हती.

"मला अजून भाकर नीट येत न्हाई," मी म्हणाले. "आत्याबाईंकडनं शिकते, मग येते."

"चांगली करती की," आत्याबाई घाईघाईनं म्हणाल्या. "घिऊन जा हिला."

"मग खावा की आत्ता, त्यांच्या म्होरं." मी टोपलं पुढं केलं.

त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि टोपलं मागं सारलं. आईला माझी भाकर खरंच आवडत नाही, असं नवऱ्याला वाटलं आणि तो चिडून एकटाच निघून गेला. दाराआड मी रडले.

पुढं दीड वर्ष मी तिथंच राहिले, आणि तेवढं सुख मला नगरच्या खोलीत कधी लाभलं नाही. पण पहिले दोन दिवस आत्याबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी चुलीपुढं बसले होते. त्या आल्या, माझ्यासमोर बसल्या, तोंडावरचा पदर खाली घेतला आणि वाटी पुढं केली.

"वाढ," म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत बघत जेवल्या.